डिकीचे कुलूप (मोटारगाडी)

मोटारगाडीत सामान ठेवण्यासाठी जो बंदिस्त कप्पा असतो, त्याला मराठीत 'डिकी' म्हणतात. या कप्प्याचे झाकण बंद स्थितीत धरून ठेवणारी व हवे तेव्हा सोडणारी यंत्रणा म्हणजे डिकीचे कुलूप होय. डिकी न उघडणे किंवा उघडलेली डिकी बंद न होणे ही गाडीच्या नित्याच्या तक्रारींपैकी एक आहे. इंजिनाच्या बिघाडाच्या मानाने ही तक्रार किरकोळ समजली जाते. परंतु जादा चाक, जॅक, पाने आणि सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत गॅसची टाकी याच कप्प्यात असते. त्यामुळे ऐन अडचणीच्या वेळी न उघडणारी डिकी गाडीला रस्त्यातच अडकवून ठेवू शकते. उघड्या डिकीतून धुराचा विषारी वायू आत शिरणे आणि बंद डिकीत मूल अडकणे हे तर प्राणावर बेतणारे प्रसंग आहेत.

या कुलपाची बांधणी साधी असते. चालकाच्या हातापासून कुलपाच्या आकड्यापर्यंत हालचाल कोणत्या मार्गाने पोहोचते हे ठाऊक असले, की त्याच मार्गाने एकेक टप्पा तपासत गेल्यास बहुतेक बिघाडांची जागा घरच्या घरी सापडते. दुरुस्ती पुष्कळदा कारागिराकडूनच करून घ्यावी लागते, पण दोष कोठे आहे हे आधी कळले असल्यास अनावश्यक सुटे भाग बदलण्याचा खर्च टळतो.

नाव व प्रकार

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही मोटारींच्या मागील भागात घडीचे, उघड्यावरचे एक आसन असे. त्याला इंग्रजीत 'डिकी सीट' म्हणत. ते आसन इतिहासजमा झाले, पण नाव भारतात सामानाच्या कप्प्याला चिकटून राहिले. ब्रिटनमध्ये याच कप्प्याला 'बूट' म्हणतात. तो शब्द घोडागाडीवरील सामानाच्या पेटीवरून आला. अमेरिकेतील 'ट्रंक' हा शब्द मोटारीच्या मागे पट्ट्यांनी आवळून बांधल्या जाणाऱ्या खऱ्याखुऱ्या ट्रंकेवरून रूढ झाला. मराठीत ट्रंक म्हणजे पत्र्याची पेटी. गाडीच्या संदर्भात तो शब्द सहसा कोणी वापरत नाही. स्कूटरच्या आसनाखालील कप्प्यालाही महाराष्ट्रात डिकीच म्हणतात.

सेडान प्रकारच्या गाडीत डिकी प्रवाशांच्या कक्षापासून वेगळी असते आणि तिच्यावर आडवे झाकण असते. हॅचबॅक गाडीत मागील काचेसह वर उचलले जाणारे एक पूर्ण दारच असते. आतून पाहिल्यास हॅचबॅकची डिकी आणि प्रवाशांची जागा एकच असते. हा फरक पुढे आत शिरण्याच्या मार्गांच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

काही गाड्या या वर्गीकरणात बसत नाहीत. फोक्सवागन बीटलचे इंजिन मागे असल्याने सामानाचा कप्पा पुढे, बॉनेटखाली होता. २००९ मध्ये बाजारात आलेल्या टाटा नॅनोचेही इंजिन मागेच होते. तिच्या सुरुवातीच्या मॉडेलांत मागील दार बाहेरून उघडण्याची सोयच नव्हती. मागील आसनाची पाठ पुढे घडी करून सामान ठेवावे लागे. उघडणारे मागील दार २०१५ च्या 'जेनएक्स' आवृत्तीत आले. तेव्हा जुनी नॅनो घेणाऱ्याने तिच्या डिकीचे कुलूप शोधत बसण्याचे कारण नाही.

यंत्रणा

कुलपाचे दोन भाग असतात. एक भाग झाकणावर बसवलेला असतो आणि दुसरा त्याच्यासमोर गाडीच्या चौकटीवर. कोणता भाग कोठे, हे गाडीगणिक बदलते. यांपैकी एक म्हणजे जाड सळईची, इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराची स्थिर कडी. कारागीर तिला 'स्ट्रायकर' म्हणतात. दुसऱ्या भागात एक फिरता पंजा आणि त्याला अडवणारी एक खिटी असते. झाकण खाली येताच कडी पंज्याच्या तोंडात शिरते व त्याला फिरवते. पंजा पुरेसा फिरला, की स्प्रिंगच्या जोराने खिटी त्याच्या खाचेत पडते आणि पंजा मागे फिरू शकत नाही. पंज्याला बहुधा दोन खाचा असतात. पहिल्या खाचेत झाकण अर्धवट अडकते, दुसऱ्या खाचेत पूर्ण बंद होते. डिकी हळूच बंद केल्यास एकामागून एक दोन 'टक' असे आवाज येतात ते यामुळेच.

डिकी उघडणे म्हणजे ही खिटी बाजूला ओढणे होय. खिटी सुटताच पंजा मोकळा होतो आणि झाकणाभोवतीचे दबलेले रबर व बिजागरीच्या स्प्रिंगा किंवा गॅसचे दांडे झाकण वर ढकलतात. झाकण वरून ओढल्याने ते उघडत नाही. उलट, खिटी सुटलेली नसताना झाकण वर ओढल्यास पंजा खिटीवर अधिकच घट्ट दाबला जातो. न उघडणारी डिकी ओढून उघडण्याचा स्वाभाविक प्रयत्न म्हणूनच निरुपयोगी असतो.

खिटीपर्यंत हालचाल पोहोचवण्याचे तीन मार्ग आहेत. सर्वांत जुना मार्ग किल्लीचा. अँबॅसडरसारख्या गाडीत झाकणावरील मूठ आणि किल्ली एवढीच सोय असे. दुसरा मार्ग केबलचा. चालकाच्या आसनाशेजारी जमिनीलगत एक लिव्हर असते; पुष्कळ गाड्यांत तिच्या जोडीलाच पेट्रोलच्या झाकणाची लिव्हर असते. लिव्हर ओढली की नळीतून जाणारी पोलादी तार खिटीला ओढते. सायकलच्या ब्रेकला असते तशीच ही तार असून तिला बाउडेन केबल म्हणतात. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन यांनी १८९६ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. तिसरा मार्ग विजेचा. रिमोटचे, डॅशबोर्डवरचे किंवा झाकणाच्या मुठीखालचे बटण दाबले असता कुलपातील छोटी मोटर खिटी ओढते. अनेक गाड्यांत यांपैकी दोन मार्ग एकाच वेळी उपलब्ध असतात. एक मार्ग बंद पडला व दुसरा चालू राहिला, तर कुलूप स्वतः शाबूत आहे आणि दोष बंद पडलेल्या मार्गात आहे, एवढे लगेच सिद्ध होते.

न उघडणारी डिकी

तपासणीची सुरुवात कानाने करावी. एकाने लिव्हर ओढावी किंवा बटण दाबावे आणि दुसऱ्याने डिकीशी उभे राहून ऐकावे. कुलपातून आवाज येतो पण झाकण उघडत नाही, हा एक प्रकार. आवाजच येत नाही, हा दुसरा. दोहोंची कारणे बहुतांशी वेगळी आहेत.

आवाज येत असेल तर हालचाल कुलपापर्यंत पोहोचत आहे. अशा वेळी सर्वांत सामान्य कारण म्हणजे आतून येणारा दाब. गणपतीला किंवा दिवाळीला गावी निघताना ठासून भरलेल्या डिकीतील सामान झाकणाला वर रेटत असते. त्यामुळे पंजा खिटीवर इतका आवळला जातो की केबलची किंवा मोटरची शक्ती खिटी सोडवण्यास अपुरी पडते. यावरचा उपाय दोन माणसांनी करावयाचा आहे. एकाने कुलपाच्या बरोबर वर, दोन्ही तळहातांनी झाकण खाली दाबून धरावे. त्याच क्षणी दुसऱ्याने लिव्हर ओढावी. हॅचबॅकचे दार अशा वेळी गाडीच्या पुढच्या दिशेने आत ढकलावे. दाब गेल्याने खिटी मोकळी होते. पिशवीचा बंद किंवा चादरीचे टोक पंज्यात सापडले असल्यासही हाच उपाय पुष्कळदा लागू पडतो.

कधी कुलूप सुटलेले असते, पण झाकण वर येत नाही आणि मालक कुलपालाच दोष देतो. वस्तुतः झाकण उचलणारे गॅसचे दांडे थकलेले असतात. कारागीर त्यांना डिकीचे 'शॉकअप' म्हणतात. त्यांत दाबाखाली नायट्रोजन वायू भरलेला असून वर्षे जातात तसा तो झिरपत जातो. थंडीत वायूचा दाब आणखी उतरतो, म्हणून पहाटे न उठणारे झाकण दुपारी उन्हात व्यवस्थित उठते. लिव्हर ओढून झाल्यावर हाताने झाकण उचलून पाहिले की हा संशय फिटतो. असे दांडे जोडीनेच बदलावेत, आणि बदलेपर्यंत उघड्या झाकणाला भक्कम टेकू दिल्याशिवाय खाली वाकू नये. निकामी दांडा कापणे, तापवणे किंवा त्याला छिद्र पाडणे धोक्याचे आहे.

केबलच्या मार्गातील दोष लिव्हरच्या स्पर्शावरूनच ओळखता येतो. लिव्हर नेहमीपेक्षा सैल लागत असेल, काही न ओढल्यासारखी सहज वर येत असेल, तर केबल तुटली आहे किंवा तिचे टोक खोबणीतून निसटले आहे. केबल बहुधा मध्ये तुटत नाही. टोकाच्या गोळीपाशी, जेथे ती वळते तेथे तुटते. लिव्हर दगडासारखी घट्ट लागत असेल, तर नळीत गंज आहे किंवा कुलूपच जाम आहे. या वेळी जोर लावल्यास प्लास्टिकची लिव्हर मोडते व एका बिघाडाचे दोन होतात. लिव्हर अर्धवट ताण देऊन थांबत असेल, तर केबल लांबलेली असण्याचा संभव आहे. लिव्हरजवळचे आवरण काढून केबलचे टोक पकडीने थोडे अधिक ओढल्यास अशी डिकी निदान एकदा उघडते.

पेट्रोलपंपावर किंवा हॉटेलात गाडी दुसऱ्याच्या ताब्यात देताना डिकी सुरक्षित राहावी म्हणून काही गाड्यांच्या लिव्हरलाच एक छोटे कुलूप असते. काही गाड्यांत ही सोय हातमोज्यांच्या कप्प्यातील एका बटणाने केलेली असते. ते चुकून फिरवले गेल्यास लिव्हर व रिमोट दोन्ही निष्प्रभ होतात आणि किल्लीने मात्र डिकी उघडते. गाडी नुकतीच कोणाकडून परत आली असेल, तर प्रथम हेच पाहावे.

विजेच्या मार्गातील दोष

रिमोटने दारेही उघडत नसतील, तर संशय रिमोटच्या सेलवर घ्यावा. हा बहुधा नाण्याच्या आकाराचा ३ व्होल्टचा सेल असतो. 'सीआर २०३२' हा त्यांतील फार आढळणारा प्रकार. दारे उघडतात पण डिकी उघडत नाही, तर रिमोट निर्दोष आहे. काही रिमोटवर डिकीचे बटण क्षणभर नव्हे तर दोन-तीन सेकंद दाबून धरावे लागते, आणि काही गाड्या इंजिन चालू असताना हे बटण मानतच नाहीत. गाडीची पुस्तिका न वाचल्यामुळे 'बिघडलेल्या' डिक्यांची संख्या मोठी असावी.

यानंतर फ्यूज पाहावा. फ्यूजच्या पेटीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत कोणता फ्यूज कशासाठी याचा तक्ता असतो. जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. अधिक क्षमतेचा घातल्यास तार तापून आग लागू शकते. नवा फ्यूजही लगेच जळाला, तर तारांत कोठेतरी शॉर्ट आहे.

अशा तुटक्या तारेची एक ठरलेली जागा आहे. गाडीच्या चौकटीतून झाकणाकडे जाणाऱ्या तारा बिजागरीजवळ एका सुरकुत्यांच्या रबरी नळीतून जातात. डिकी उघडताना व मिटताना या तारा दर वेळी वाकतात. हजारो वेळा वाकल्यानंतर त्यांचे आवरण चिरते व आतील तांबे तुटते. ओळखण्याची खूण अशी, की डिकीच्या कुलपाबरोबरच नंबरप्लेटचा दिवा, वरचा ब्रेकचा दिवा किंवा मागील वायपर यांपैकी काहीतरी बंद पडलेले असते, अथवा झाकण विशिष्ट कोनात धरले असता चालू होते. एकाच वेळी दोन असंबद्ध वाटणाऱ्या वस्तू बिघडल्या, तर त्या जेथून एकत्र जातात ती जागा पाहावी, हा वायरिंगच्या कामातील जुना नियम येथे तंतोतंत लागू होतो. कुलूप बदलूनही न सुटलेल्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा या वीतभर नळीत सापडते.

मुठीखालच्या रबरी बटणात पाणी शिरणे हा हॅचबॅक गाड्यांतील नेहमीचा दोष आहे. रबर चिरले की पावसाचे किंवा धुलाईच्या फवाऱ्याचे पाणी आतील सूक्ष्म स्विचपर्यंत जाते. मग बटण काम करत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे कोणी हात न लावता डिकी आपोआप उघडते. कोकणच्या पावसात व खाऱ्या हवेत हा भाग लवकर खराब होतो.

गाडीची मुख्य बॅटरी उतरली असल्यास विजेवर चालणारी डिकी अर्थातच उघडत नाही. काही गाड्यांत, विशेषतः बीएमडब्ल्यूच्या अनेक मॉडेलांत, बॅटरीच डिकीत असते. बॅटरीला हात लावण्यासाठी डिकी उघडायला हवी आणि डिकी उघडण्यासाठी बॅटरी हवी, असा हा पेच आहे. तो सोडवण्यासाठी अशा गाड्यांत रिमोटच्या पोटात एक साधी किल्ली दडवलेली असते, आणि बॉनेटखाली बाहेरून वीज देण्यासाठी वेगळी टोके असतात.

आत शिरण्याचे मार्ग

बाहेरून कोणताच उपाय चालला नाही तर आतून कुलपापर्यंत जावे लागते. हॅचबॅकमध्ये हे सोपे आहे. मागील आसनाची पाठ पुढे घडी करून आत सरकावे. मागील दाराच्या आतील आवरणावर कुलपासमोर पुष्कळदा एक छोटे प्लास्टिकचे बूच असते. ते काढून पेचकसाने आतील दांडी सरकवली की दार उघडते. बूच नसल्यास आवरणाच्या खिट्या सोडवून ते सैल करावे लागते. सेडानमध्येही अनेकदा मागील आसन घडी होते. ज्या सेडानमध्ये ते घडी होत नाही, तिच्यात आधी बैठक उचलून काढावी लागते व मग पाठीचे बोल्ट सोडवावे लागतात. हे काम वेळखाऊ असले तरी पहारीने झाकण उचकटण्यापेक्षा स्वस्त पडते. उचकटलेल्या झाकणाचा पत्रा वाकतो, रंग उडतो आणि पावसाचे पाणी आत येऊ लागते.

सीएनजी गाडीत डिकीत आडवी बसवलेली टाकी हा मार्गही अडवते. शिवाय टाकीचा हाताने बंद करण्याचा वाल्व्ह टाकीवरच, म्हणजे डिकीतच असतो. गॅसचा वास येत असताना डिकी उघडत नसेल, तर गाडी बंद करून दारे उघडी टाकावीत व सर्वांनी गाडीपासून दूर जावे. विजेचे बटण पुन्हापुन्हा दाबणे किंवा लोखंडी हत्याराने खटपट करणे अशा वेळी कटाक्षाने टाळावे, कारण दोहोंतून ठिणगी पडू शकते. सीएनजी गाडीच्या डिकीचा बिघाड पुढे ढकलू नये तो याच कारणाने.

बंद न होणारी डिकी

झाकण आपटूनही ते बसत नसेल, तर आणखी जोराने आपटण्यापूर्वी पंज्याकडे पाहावे. झाकण उघडे असताना पंजाचे तोंड कडी आत घेण्यासाठी उघडे असले पाहिजे. मुलांच्या खेळण्यात किंवा सामानाच्या धक्क्याने पंजा मिटलेला असल्यास कडी आत जाऊच शकत नाही आणि प्रत्येक आपटीबरोबर ती मिटलेल्या पंज्यावर आदळते. लिव्हर ओढून किंवा रिमोटचे बटण दाबून पंजा उघडला की काम झाले.

कुलूप शाबूत आहे की नाही याची एक खात्रीची परीक्षा आहे. झाकण उघडे ठेवून पेचकसाची दांडी कडीच्या जागी पंज्याच्या तोंडात धरावी व दाबावी. पंजा दोन टप्प्यांत मिटून तसाच राहिला आणि लिव्हर ओढताच परत उघडला, तर कुलूप उत्तम आहे. दोष कडीच्या जागेत किंवा रबरात आहे. पंजा मिटूनही लगेच मागे फिरला, तर खिटी त्याला धरत नाही. खिटी वंगण सुकून चिकटली असेल, तिची स्प्रिंग तुटली असेल, किंवा केबल नळीत अडकून खिटीला सतत ओढून धरत असेल. केबल कुलपापासून सोडवून परीक्षा पुन्हा घेतली की यांतील शेवटचे कारण वेगळे काढता येते. परीक्षा संपल्यावर पंजा उघडा करूनच झाकण खाली घ्यावे.

कडी सरकण्याचे प्रमुख कारण म्हणजे मागून बसलेला धक्का. डेंटिंग-पेंटिंग करून आलेल्या गाडीचा रंग नव्यासारखा दिसतो, पण चौकट दोन-तीन मिलिमीटरने सरकलेली असते आणि कडी पंज्याच्या कडेवर आपटते. पंजाच्या बाजूला घासल्याच्या चकचकीत खुणा दिसतात. कडीचे बोल्ट थोडे सैल करून ती सरकवता येते. मात्र आधी तिची मूळ जागा पेनने आखून ठेवावी, नाहीतर परतीची वाट हरवते. झाकणाच्या दोन्ही कोपऱ्यांत रबरी बुटे असतात. ती फिरवून उंच-ठेंगणी करता येतात. ती फार उंच झाली तर डिकी मिटत नाही आणि फार ठेंगणी झाली तर ती रस्त्यावर खडखडते.

झाकणाभोवतीचे रबर नवे बसवले असल्यास काही दिवस डिकी जड जाते. हा दोष नव्हे. रबर सगळीकडे सारखे दबते की नाही हे पाहण्यासाठी वर्तमानपत्राची पट्टी झाकणाखाली धरून डिकी बंद करावी व पट्टी ओढावी. जेथे ती सहज निसटते तेथूनच पावसाळ्यात पाणी येते.

कुलूप न लागणे

डिकी 'बंद होणे' आणि तिला 'कुलूप लागणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण तक्रार सांगताना त्यांची गल्लत होते. पंज्याने कडी धरली की डिकी बंद झाली. त्यानंतर बाहेरील मूठ किंवा बटण निष्प्रभ झाले, तर कुलूप लागले. सेंट्रल लॉकिंगने दारे कुलूपबंद होतात पण डिकी बाहेरून उघडते, अशी तक्रार असेल तर कुलपातील मोटर किंवा तिची तार तपासावी लागते.

तत्पूर्वी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. खिशात ठेवूनच वापरता येणाऱ्या स्मार्ट किल्लीच्या गाडीत मालक दारे बंद करून डिकीचे बटण दाबून पाहतो आणि डिकी उघडते. वास्तविक किल्ली जवळच असल्याने गाडीने मालकाला ओळखलेले असते. किल्ली दुसऱ्याकडे देऊन त्याला पंधरा-वीस पावले दूर उभे करावे व मग बटण दाबावे. तरीही डिकी उघडली तरच तो बिघाड समजावा. अशीच दुसरी गोष्ट म्हणजे जादा किल्ली डिकीतील पिशवीत राहणे. किल्ली आत आहे हे कळल्याने अनेक गाड्या कुलूप लावण्यास नकार देतात.

डिकी बंद असूनही डॅशबोर्डवर ती उघडी असल्याचा इशारा येत असेल, तर कुलपातील सूक्ष्म स्विच अडकलेला असतो. याचा परिणाम केवळ इशाऱ्यापुरता राहत नाही. डिकीतील दिवा जळत राहतो. १२ व्होल्टवर ५ वॅटचा दिवा सुमारे ०.४ अँपिअर विद्युतप्रवाह घेतो. या हिशेबाने ४५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत जवळजवळ अर्धी रिकामी होते. आठवडाभर उभी ठेवलेली गाडी सुरू न होण्याचे कारण काही वेळा इतके लहान असते.

उघड्या डिकीने प्रवास

डिकी दोरीने बांधून गाडी गॅरेजपर्यंत नेणे हा सर्रास केला जाणारा उपाय आहे. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो. त्यामुळे सायलेन्सरमधून निघालेला धूर मागे न जाता उघड्या डिकीतून आत ओढला जाऊ शकतो. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो व वासही नसतो. डोकेदुखी, मळमळ आणि गुंगी ही त्याची पहिली लक्षणे होत. असा प्रवास टाळता येत नसेल, तर अंतर शक्य तितके कमी ठेवावे, सर्व काचा उघड्या ठेवाव्यात, बाहेरची हवा आत घेणारा पंखा पूर्ण वेगाने चालवावा आणि मागील आसनावर कोणालाही बसवू नये. वर उचललेल्या झाकणामुळे मागचे दिसत नाही, आणि झाकणावर बसवलेली नंबरप्लेट व दिवे मागून येणाऱ्यांना दिसत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

मुलांचा धोका

लपंडावात लहान मुलाला सेडानची डिकी ही उत्तम जागा वाटते. झाकण वरून मिटले की आतून उघडण्याचा मार्ग राहत नाही. उन्हात उभ्या गाडीचा हा कप्पा झपाट्याने तापतो, आणि मोठ्या माणसापेक्षा मुलाचे शरीर लवकर तापते. १९९८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अमेरिकेत तीन वेगवेगळ्या घटनांत मिळून अकरा मुले डिकीत अडकून दगावली. त्यानंतर तेथे नियम झाला आणि १ सप्टेंबर २००१ पासून विक्रीस येणाऱ्या नव्या मोटारींच्या बंदिस्त डिकीत आतून सुटका करून घेण्याची सोय सक्तीची ठरली. ही बहुधा अंधारात चमकणारी एक मूठ असते. ती ओढताच डिकी उघडते. इतर देशांत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सेडानमध्ये ही मूठ असेलच असे गृहीत धरू नये. आपल्या गाडीत ती आहे का हे दिवसाउजेडी झाकण उघडून पाहावे, आणि असल्यास घरातील मुलांना दाखवून ठेवावी.

मूल हरवल्यास विहीर, पाण्याची टाकी यांच्याबरोबर दारात उभ्या असलेल्या गाड्यांच्या डिक्याही लगेच उघडून पाहाव्यात. डिकीत मूल अडकले असून ती उघडत नसेल, तर किल्ली शोधण्यात वेळ न दवडता दाराची काच फोडून डिकीची लिव्हर ओढावी किंवा मागील आसन काढावे, आणि त्याच वेळी दुसऱ्याने ११२ या क्रमांकावर मदत मागवावी. गाडीच्या नुकसानीचा विचार येथे अप्रस्तुत आहे.

निगा

वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, पंजा व खिटी जुन्या टूथब्रशने साफ करून त्यांना थोडे पांढरे लिथियम ग्रीस लावावे. रबराला सिलिकॉनचा फवारा किंवा नुसती टाल्कम पावडर पुरते. खनिज तेलाने रबर फुगते. किल्लीच्या छिद्रात तेल घालू नये, कारण त्यावर धूळ बसून चिखल होतो. तेथे ग्रॅफाइटची कोरडी पूड वापरतात. महाराष्ट्रात घराघरांत हाताशी असणारे खोबरेल तेल कुलपासाठी अयोग्य आहे. ते थंडीत गोठते, आणि डिसेंबरच्या पहाटे कुलूप नेमके तेवढ्यासाठीच अडून बसते.

रिमोटच्या सवयीमुळे डिकीची किल्ली वर्षानुवर्षे फिरवलीच जात नाही आणि प्रसंगी ती फिरत नाही. महिन्यातून एकदा डिकी मुद्दाम किल्लीने उघडल्यास आतील पत्त्या मोकळ्या राहतात. स्कूटरच्या डिकीलाही हे लागू आहे. तिचे आसन उघडत नसेल, तर कुलपाच्या वर हाताने दाब देऊन मग किल्ली फिरवावी.